पाय वाचवण्याचा खर्च

मधुमेह झालेल्या शेतमजुराला दर महिन्याला गोळ्या लागतात. दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, वर्षातून एकदा डोळे आणि पाय दाखवावे लागतात. यातलं काहीही 'आयुष्मान भारत'च्या कार्डावर होत नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात असल्या तर फुकट मिळतात, नसल्या तर मेडिकलमधून विकत आणायच्या. मजुरी बुडालेल्या महिन्यात त्या आणायच्या राहतात. मग कधीतरी बांधावर चालताना काटा रुततो, जखम चिघळते, बोट काळं पडतं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात भरती व्हायची वेळ येते आणि तिथे मात्र कार्ड चालतं. पाय कापण्याची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे, तिचा दर ठरलेला आहे, तिचे पैसे सरकार भरतं. तोच पाय शाबूत राहावा म्हणून जो खर्च लागला असता, तो रुग्णाच्या खिशावर आहे.

देशातल्या सर्वांत मोठ्या आरोग्य सुधारणेवर गेली काही वर्षं जी टीका होते आहे, तिचा गाभा एवढाच आहे. ही टीका योजना फसल्यावर सुचलेली नाही. योजना कागदावर होती तेव्हाच ती झाली होती. इतकंच काय, कार्डाची कल्पनाही कुणाच्या डोक्यात नव्हती, त्या काळात या टीकेची पायाभरणी झाली होती.

१९४३ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, ब्रिटिश सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती, आणि देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा या समितीला करायचा होता. कामगार नेते ना. म. जोशी हे तिच्या सदस्यांपैकी एक. १९४६ मध्ये आलेल्या अहवालाने एक तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडलं: ऐपत नाही म्हणून कुणीही उपचारांपासून वंचित राहता कामा नये. त्यासाठी समितीने सुचवलेली रचना खालून वर जाणारी होती. तातडीच्या टप्प्यात दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक केंद्र. दूरच्या टप्प्यात १०,००० ते २०,००० लोकांमागे ७५ खाटांचं केंद्र, त्याच्यावर ६५० खाटांचं रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचं. डॉक्टर, परिचारिका, औषधं, प्रतिबंध आणि उपचार हे सगळं एकाच छताखाली आणि सरकारच्या तिजोरीतून.

आज महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारात उभं राहून २,५०० हा आकडा आठवला तर अंगावर काटा येतो. स्वप्न फार मोठं होतं असं म्हणून तो बाजूला टाकला जातो. पण भोर समितीला देश गरीब आहे हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही. गरीब देशाला उपचार विकत घेणं परवडणार नाही, म्हणून ते सार्वजनिक असावेत, अशी तिची मांडणी होती.

केंद्रं उभी राहिली, पण अर्धवट. कुठे इमारत आहे आणि डॉक्टर नाही, कुठे डॉक्टर आहे आणि औषध नाही. १९७८ मध्ये अल्मा आटा इथे जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' अशी शपथ घेतली. १९८१ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक अहवाल काढला. मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिक्षणाच्या क्षेत्रात हयात घालवलेल्या जे. पी. नाईकांचा त्यात मोठा वाटा होता. मोठ्या शहरी रुग्णालयांच्या आणि औषध कंपन्यांच्या ओढीने चाललेली वैद्यकी सोडा, गावाच्या हातात आरोग्य द्या, असं हा अहवाल सांगत होता. तोवर जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशा न शिकलेल्या गावकरी बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवून हे होऊ शकतं, हे दाखवूनही दिलं होतं.

नव्वदच्या दशकात वारं फिरलं. १९९३ चा जागतिक बँकेचा विकास अहवाल आरोग्यावरच होता. सरकारने काही निवडक, स्वस्तात होणाऱ्या सेवा द्याव्यात आणि बाकीचं बाजारावर व विम्यावर सोडावं, हा विचार त्यातून देशोदेशी पोचला. सरकारी रुग्णालयात केसपेपरपासून एक्स-रेपर्यंत शुल्क वाढू लागलं. खासगी नर्सिंग होमच्या पाट्या तालुक्याच्या गावापर्यंत आल्या. आजारपणामुळे जमीन गहाण पडणं ही तेव्हा घरोघरची गोष्ट झाली. आणि याच दुखण्यावर उतारा म्हणून पुढे आला तो विमा.

२००७ मध्ये आंध्र प्रदेशात 'आरोग्यश्री' आली. २००८ मध्ये केंद्राची 'राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना' आली: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातल्या ५ जणांना वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतचे उपचार, नोंदणीसाठी ३० रुपये. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर ९७१ प्रकारचे उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा. अंगीकृत रुग्णालयाच्या दारात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसू लागला. २०१७ मध्ये तिचं नाव 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना' झालं.

या योजनांनी माणसं वाचवली, हे आधी नोंदवलं पाहिजे. हृदयाची झडप बदलायची म्हणून घर विकायला निघालेल्या कुटुंबाचं घर वाचलं, मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाला केमो मिळाली. अशी माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. ज्यांनी योजनांवर टीका केली, त्यांनीही हे नाकारलेलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता: आजारपणात गरिबाचे पैसे नेमके जातात कुठे?

सक्तिवेल सेल्वराज आणि अनुप करण या अभ्यासकांनी २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये याचं उत्तर मांडलं. लोकांच्या खिशातून जाणारा पैसा मुख्यतः भरती न होता घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर जातो. विमा मात्र फक्त भरती झाल्यावर लागू होतो. म्हणजे ज्या भोकातून पाणी गळतं ते सोडून दुसरीकडेच बूच मारल्यासारखं झालं. पुढे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवर आणि नंतर छत्तीसगडमध्ये 'आयुष्मान'वर झालेल्या पाहण्यांनीही तेच दाखवलं. कार्ड असलेल्या कुटुंबांचा भरतीच्या वेळचा स्वतःचा खर्चही म्हणावा तसा घटला नव्हता. खासगी रुग्णालयं योजनेचे पैसे घेत आणि वर रुग्णाकडूनही घेत.

याच सुमारास सरकारच्या हातात एक दुसरा आराखडाही होता. नियोजन आयोगाने २०१० मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय तज्ज्ञ गट नेमला, त्याचा अहवाल २०११ मध्ये आला. त्याने सांगितलं की आरोग्यसेवा करांच्या पैशातून द्या, विमा कंपन्यांना मध्यस्थ ठेवू नका, सरकारी दवाखान्यातलं शुल्क बंद करा, आणि आरोग्यावरच्या एकूण खर्चातला किमान ७० टक्के प्राथमिक सेवेवर करा. त्यातली एक शिफारस तर अगदी हिशेबाची होती. औषधांवरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर नेला, तर सगळ्यांना आवश्यक औषधं मोफत देता येतील. एवढी नेमकी, एवढी आवाक्यातली सूचना फार क्वचित कुठल्या समितीकडून येते. ती अमलात आली असती तर वर सांगितलेल्या शेतमजुराचा पाय वाचला असता.

मग १ फेब्रुवारी २०१८ उजाडला. अर्थमंत्री अरुण जेटलींनी अर्थसंकल्पात 'आयुष्मान भारत'ची घोषणा केली. तिचे दोन भाग होते. एक, देशातली दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक केंद्रं 'आरोग्यवर्धिनी केंद्रं' करायची. दोन, सुमारे १० कोटी गरीब कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार. पहिल्या भागासाठी त्या वर्षी १,२०० कोटी ठेवले होते. जाणकारांनी लगेच भागाकार केला: १,२०० कोटी भागिले दीड लाख, म्हणजे एका केंद्राला ८०,००० रुपये. तेवढ्यात रंगरंगोटी आणि पाटी होईल, नवा कर्मचारी आणि रोजची औषधं कुठून येणार? पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात विम्यासाठी ६,४०० कोटी आणि केंद्रांसाठी १,६०० कोटी होते. श्रीनाथ रेड्डी गटाने सांगितलेलं प्रमाण इथे उलटं झालं होतं.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत 'प्रधानमंत्री जन आरोग्य योजना' सुरू झाली. तिच्यावर तुटून पडलेल्यांमध्ये दोन अगदी वेगळे गट होते, आणि त्यांची गल्लत होऊ नये.

एक गट डॉक्टरांचा. इंडियन मेडिकल असोसिएशनचा आक्षेप दरांवर होता. सिझेरियनला ९,००० रुपये, हृदयाच्या बायपासला १ लाख १० हजार. या दरांत दर्जेदार उपचार परवडत नाहीत, दर ठरवताना खर्चाचा शास्त्रशुद्ध अभ्यासच झालेला नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. दर फार कमी ठेवले तर चांगली रुग्णालयं बाहेर राहतात, आत येणारी कुठेतरी कोपरा कापतात किंवा रुग्णाकडून वरचे पैसे मागतात. बिलं महिनोन्‌महिने थकतात ही छोट्या रुग्णालयांची तक्रारही खरी होती आणि आहे.

दुसरा गट जन स्वास्थ्य अभियानासारख्या चळवळींचा. महाराष्ट्रात जन आरोग्य अभियानातले डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला यांच्यासारखे कार्यकर्ते अनेक वर्षं सांगत आले आहेत की मुद्दा फक्त दराचा नाही. ज्या बाजारात उपचारांवर देखरेख नाही, दरपत्रक लावायची सक्ती नाही, त्या बाजारात सरकारी पैसा ओतला, तर लोकांना गरज नसलेले उपचार मिळतील आणि गरज असलेले मिळणार नाहीत.

हा दुसरा मुद्दा कळण्यासाठी 'पिशवी काढणं' हा शब्दप्रयोग माहीत असावा लागतो. बीड जिल्ह्यात तो सर्रास वापरला जातो. गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. विशी-तिशीतल्या बायकांची, अंगावर पांढरं जाण्यासारख्या साध्या तक्रारीवर. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने एक दिवस खाडा केला की मुकादम उचलीतून दंड कापतो. पाळीचे दिवस, दुखणं, फडात न्हाणीघर नसणं, या सगळ्यातून सुटका म्हणून डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, नाहीतर कर्करोग होईल. २०१९ मध्ये हा प्रकार गाजला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक.

बीडच्या बहुतेक बायकांनी हे पैसे मुकादमाकडून उचल घेऊन किंवा कर्ज काढून भरले, विम्यातून नव्हे. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचं आहे. बाजार आधीपासून असाच होता. त्याच्या हातात सरकारी विम्याचे पैसे आले तेव्हा काय झालं, ते इतर राज्यांत दिसलं. बिहार आणि छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचं कार्ड असलेल्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१२ च्या सुमारास उघड झालं. आंध्रात तर गर्भाशयासह अनेक शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांपुरत्याच राखून ठेवाव्या लागल्या. राजस्थानातले डॉ. नरेंद्र गुप्ता यांची या विषयावरची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात पोचली. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी ३ महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. कार्ड आल्यापासून पहिल्या बोभाट्याला आणि बोभाट्यापासून या आदेशाला मिळून १५ वर्षं गेली. तोवर पिशवी गमावलेल्या बाईला ती परत मिळत नाही. तिला कंबरदुखी, लवकर येणारी रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडं मिळतात, आणि त्यांवरचे उपचार पुन्हा कार्डाबाहेरचे.

बीडमध्ये यावर काय केलं? खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. एका साध्या प्रशासकीय आदेशाने जे होऊ शकलं, ते आधी का झालं नाही, हा प्रश्न त्या १३,८६१ जणींच्या वतीने विचारायला हवा.

प्रश्न फक्त गर्भाशयापुरता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात एका खासगी रुग्णालयाने आरोग्य शिबिर घेतलं. १९ जणांना अहमदाबादला नेलं, ७ जणांची अँजिओप्लास्टी केली, दोघांचा मृत्यू झाला. खर्च 'आयुष्मान'मधून होणार होता. घरच्यांना काही कळायच्या आत हे सगळं उरकलं होतं. रुग्णाला रुग्णालयाची निवड करता यावी म्हणून कार्ड दिलं जातं, असं योजना सांगते. बोरिसणात रुग्णालयाने रुग्णांची निवड केली.

मग देखरेख करणारी यंत्रणा काय करत होती? ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालातून याची झलक दिसते. ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता: दहा वेळा नऊ. आधीच्या नोंदीनुसार मरण पावलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे पुढेही उपचार झाल्याचं दिसत होतं, आणि त्यापोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले होते. पडताळणी आधारवर होते, मोबाइल नंबरवर नाही, असा खुलासा सरकारने केला. तो मान्य केला तरी मृतांच्या नावे गेलेल्या पैशांचा प्रश्न उरतोच.

कार्डाच्या या धोरणाला समांतर आणखी एक प्रस्ताव फिरत होता, आणि त्याच्याकडे वर्तमानपत्रांचं फारसं लक्ष गेलं नाही. २०१७ मध्ये नीती आयोगाने सुचवलं की जिल्हा रुग्णालयांमधली काही जागा हृदयरोग, कर्करोग आणि फुप्फुसांच्या आजारांवरील उपचारांसाठी खासगी संस्थांना ३० वर्षांच्या कराराने द्यावी. जानेवारी २०२० मध्ये तो आणखी पुढे गेला. खासगी वैद्यकीय महाविद्यालय काढणाऱ्याला जिल्हा रुग्णालयच जोडून द्यायचं, करार ६० वर्षांचा. खाटांचे दोन प्रकार: काही सरकारी नियमांच्या, काही बाजारभावाच्या. साठ वर्षं म्हणजे दोन पिढ्या. त्या काळात सरकारं बारा वेळा बदलतील, करार मात्र तसाच राहील.

या प्रस्तावावर टीका करणाऱ्यांना भीती घालावी लागली नाही, जुना दाखला पुरेसा होता. दिल्ली सरकारने इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला नाममात्र भाड्याने १५ एकर जागा दिली होती आणि भांडवलातही हिस्सा घेतला होता. बदल्यात एक तृतीयांश खाटा गरिबांसाठी मोफत ठेवायच्या होत्या. त्या खाटांवर खरोखर मोफत, औषधांसह उपचार मिळावेत, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला २००९ मध्ये आदेश द्यावा लागला. मुंबई-पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखण्याची योजनाही २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातूनच आली. आजही तिथे खाट मिळवायला आमदाराची चिठ्ठी किंवा एखादा धडपड्या कार्यकर्ता लागतो. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो गेटवरूनच परत जातो. ससून किंवा केईएमच्या आवारात मात्र कुणी चिठ्ठी मागत नाही. तिथे गर्दी असते, जमिनीवर गाद्या असतात, पण परत पाठवलं जात नाही. ६० वर्षांच्या कराराने जिल्हा रुग्णालयाचा हाच गुण धोक्यात येतो.

या सगळ्यापेक्षा निराळ्या दिशेने गेलेला एक प्रयत्न राजस्थानात झाला. २१ मार्च २०२३ रोजी तिथल्या विधानसभेने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशातला पहिला. तातडीच्या वेळी कुठल्याही रुग्णालयाने आधी पैसे न मागता उपचार सुरू करावेत, अशी त्यात तरतूद होती. खासगी डॉक्टरांनी राज्यभर रुग्णालयं बंद ठेवली. तातडीची वेळ म्हणजे नेमकी कोणती, आणि रुग्ण पैसे न देता गेला तर ते कोण भरणार, असे त्यांचे प्रश्न होते. दुसरा प्रश्न रास्तच होता. कायद्यात सरकारने भरपाई करावी असं होतं, पण ती कशी आणि किती दिवसांत, हे मोघम होतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ रुग्णांनी हाल सोसल्यावर ४ एप्रिलला समझोता झाला. ५० पेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर गेली, सरकारी जमीन किंवा सवलत न घेतलेलीही गेली. नंतर नियमांअभावी कायदा तसाच रखडला. रास्त शंकेचं उत्तर नियमावलीत देता आलं असतं. तसं झालं नाही, आणि हक्काची तरतूदच पातळ झाली. सुधारणा कोणाच्या टीकेमुळे बदलते, हे यातून ठळक दिसतं. जयपूरच्या रस्त्यावर उतरलेल्या डॉक्टरांची टीका १५ दिवसांत ऐकली गेली. सगळ्यांना मोफत औषधं द्या, ही १२ वर्षांपूर्वीची शिफारस तशीच पडून होती.

महाराष्ट्राने जुलै २०२३ मध्ये फुले योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचं आणि मर्यादा ५ लाखांवर न्यायचं ठरवलं. १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह होते. त्याच ऑगस्टमध्ये कळव्याच्या महापालिका रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले. सप्टेंबर संपून ऑक्टोबर उजाडता उजाडता नांदेडच्या शासकीय वैद्यकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खासगी रुग्णालयांनी हात टेकल्यावर बाळं अखेरच्या अवस्थेत आणली गेली, असं सरकारने न्यायालयात सांगितलं. ते खरं धरलं तर टीकाकारांचं म्हणणंच त्यातून सिद्ध होतं. सोपं आणि पैसे देणारं खासगीकडे, अवघड आणि तोट्याचं सरकारीकडे. आणि त्या सरकारीकडे रिक्त पदं, औषधखरेदीचा घोळ, एका वॉर्मरवर दोन बाळं.

वेगळं काही करता येतं का? तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक, आणि आलेल्या औषधांची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी. ज्याला जे लागतं ते त्याने गोदामातून उचलायचं. वरून पाठवलेली, मुदत संपत आलेली औषधं गळ्यात पडत नाहीत. थायलंडने २००२ मध्ये सगळ्या नागरिकांना लागू होणारी योजना आणली. दर भेटीला ३० बात, पुढे तेही बहुतेकांना माफ. तिथे पैसा शस्त्रक्रियेच्या पॅकेजमागे न जाता माणसांच्या डोक्यांप्रमाणे तालुक्याच्या रुग्णालयाला जातो. तापापासून मधुमेहापर्यंत रोजच्या उपचारांसकट. हे जमलं, कारण त्याआधी तीस वर्षं थायलंडने तरुण डॉक्टरांना सक्तीने ग्रामीण भागात पाठवलं होतं आणि शहरी रुग्णालयांचा पैसा काही काळ रोखून तालुक्यांची रुग्णालयं उभारली होती. योजना नंतर आली, दवाखाने आधी.

आपल्याकडेही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. पुढे हीच पद्धत आशाताईंमार्फत देशभर गेली. ज्या आशांच्या खांद्यावर हे काम आहे, त्यांना आजही कर्मचारी मानलं जात नाही. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोबदल्यासाठी त्यांना संप करावा लागला.

सरकारची बाजूही आकड्यांत आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. ही घट चांगली आहे. मात्र शेवटचं वर्ष कोविडचं होतं, लसीकरणासाठी तिजोरी उघडली होती. आणि २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत गाठायचं ठरवलेलं लक्ष्य २.५ टक्के होतं.

या आकड्यांपलीकडे लोकांचा स्वतःचा हिशेबही आहे. २००७ पासून महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या ५ जिल्ह्यांत. गावकरी आपल्या उपकेंद्राला, प्राथमिक केंद्राला गुण देत. मग जनसुनवाई होई. शाळेच्या पटांगणात मांडव, एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला गावं. तिथे बायका हातात बाहेरच्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन उभ्या राहत आणि विचारत: ही गोळी तुमच्या भिंतीवरच्या यादीत आहे, मग आम्हाला मेडिकलमध्ये का पाठवलं? बाळंतपणाला पैसे का घेतले? मंगळवारी डॉक्टर कुठे होते? अनेक ठिकाणी पैसे परत मिळाले, बंद पडलेली बाळंतपणाची खोली उघडली, औषधांच्या साठ्याचा फलक दारात लागला. तज्ज्ञ गटाच्या अहवालातला ०.५ टक्क्यांचा हिशेब त्या बायकांनी वाचलेला नव्हता. पण त्या मागत होत्या ती गोळी तीच होती.